सिरसाळ्याच्या फाट्यावरचे घाणीचे चाक

मित्रांनो, मी चुन्याच्या घाणीचे एक जुने दगडी चाक आहे. सिरसाळ्याजवळच्या एका गावात माझा जन्म गेला. गोल चरात भिजवलेला चुना, वाळू आणि विटांचा चुरा टाकत आणि बैल मला त्यातून फिरवत. चुना लोण्यासारखा मऊ झाला, की हैदर गवंडी तो बोटांवर घेऊन बघत आणि मगच "उचला" म्हणत. जनावरांचा मोठा हौद आम्ही असाच बांधला.

पुढे सिमेंट आले. मला फाट्यावर नेऊन टाकले. एसटीची वाट बघणारे माझ्यावर बसत, पानाच्या पिचकाऱ्या मारत. फार वाईट वाटे.

मग दुष्काळ पडला. टँकरचे पाणी हौदात ओतले, की सकाळपर्यंत निम्मे झिरपून जाई. जुन्या चुन्यावर थापलेल्या सिमेंटचे पोपडे सुटले होते.

महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष सत्यभामाबाई म्हणाल्या, "हौदानं पाणी न्हाई धरलं तर राहिलेल्या म्हशीबी चारा छावणीत जातील, आन् संस्थेला कुलूप लागंल."

हैदर आता थकले होते. त्यांचा मुलगा सलीम सिमेंटचा गवंडी. तो म्हणाला, "अब्बा हायेत तवर चुन्याचं काम शिकून घेतो. फाट्यावरचं ते चाक आणा, हौद चुन्यानंच लिंपू."

"बैल तर छावणीत गेलेत," गावातला बंकट हसला. "चाक काय वाऱ्यानं फिरंल?"

"आमी फिरवू की!" संस्थेतल्या बायका म्हणाल्या.

मला पुन्हा घाणीच्या चरात उभे केले आणि बायकांनी माझ्या दांड्याला खांदे लावले. इतक्या वर्षांनी मी फिरलो, तेव्हा चराच्या कडेचे गवत मुळासकट उपटले गेले.

पण हौदाला लावलेला पहिला गिलावा उन्हाने तडकला. हैदर सत्यभामाबाईंजवळ हळहळले. "चुन्याला लई दिवस ओल लागती, बेटी. असा सुकला तर जीव धरत न्हाई."

प्यायलाच पाणी नव्हते, भिंतीला कुठून देणार?

शेवटी संस्थेतल्या तुळजाबाई म्हणाल्या, "दुधाचे कॅन धुतलेलं पाणी आपण सांडूनच देतो ना? ते आणू."

तडकलेला गिलावा काढून नवा लावला. भिंतीवर गोणपाटे टांगली. रोज धुवणाचे पाणी त्यांवर पडू लागले. काही दिवसांनी बंकटही कॅन खांद्यावर घेऊन आला.

गिलावा घट्ट झाल्यावर हौद भरला. सत्यभामाबाईंनी पाण्याच्या काठाला कोळशाने रेघ ओढली. सकाळी सगळे धावत आले. पाणी रेघेला टेकलेलेच होते! सलीमने वडिलांचा हात धरून तो पाण्यात बुडवला. संस्थेचे कुलूप खुंटीवरच राहिले.

आता शेजारच्या गावाने मला बोलावले आहे. मित्रांनो, तुमच्या गावातही चुन्याची जुनी भिंत असेल. ती पाडण्याआधी, तिच्यावर सिमेंट थापण्याआधी एखाद्या जुन्या गवंड्याला विचारा. आणि माझ्यासारखे चाक सापडले, तर त्याला रंग देऊन चौकात मांडू नका. त्याला कामाला लावा.