अंगणातून नेलेल्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख स्टूरे वीस वर्षं एकच सांगत आला होता: पेशीतल्या सूक्ष्मनलिका मोडल्या तरी अ‍ॅक्टिनच्या प्रथिनधाग्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. औषधाने नलिका मोडलेल्या आणि औषध न दिलेल्या, दोन्ही पेशींत अ‍ॅक्टिनचे सारखेच जाड दोर दिसत. त्याची विद्यार्थिनी टूवा हिचा प्रबंध त्यावरच उभा होता आणि सोमवारी छापायला जाणार होता.

उप्सालातल्या आमच्या प्रयोगशाळेत पेशी एका इमारतीत वाढतात. रसायनाने स्थिर करायला मी त्यांना ट्रेमध्ये ठेवून अंगणापलीकडच्या इमारतीत नेते. त्या दिवशी वारा फार होता, म्हणून पेशींच्या दोन्ही बशा कोटाच्या आत धरून नेल्या.

सूक्ष्मदर्शकात पाहून टूवा दचकली. औषधाच्या पेशींत दोर होते, दुसऱ्या बशीत जवळपास नव्हतेच.

"बशी बिघडली," स्टूरे म्हणाला. "कोटात घालायला ती काय मांजराची पिल्लं आहेत?"

टूवा म्हणाली, "अरे, नलिका गारठ्यानेही मोडतात! अंगणात उणे बारा आहे. म्हणजे आजवर आपण दोन्हीकडे नलिका मोडूनच बघत होतो; आज कोटाच्या उबेत दुसऱ्या बशीतल्या शाबूत राहिल्या. त्या मोडल्या की दोर बनतात, स्टूरे. मी छपाई थांबवतेय."

स्टूरे बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसला.

"थांबव," तो शेवटी म्हणाला. "आणि प्रस्तावनेत लिही, मला ही शंका पहिल्यापासून होती."

टूवाने माझ्याकडे पाहिलं. ईस्टरआधीचे उपास चालू होते; त्या दिवसांत कुणाला उलट बोलायचं नाही, हा माझा नेम. मी बशा धुवायला घेतल्या.