शॉडी लोकरीचा रग

मी एक रग बोलतोय. लांबून करडा दिसतो, पण जवळ या, माझ्यात लाल, निळे, मोरपंखी तंतू सापडतील. कुणाकुणाचे जुने स्वेटर आणि मफलर फाडून, पिंजून, पुन्हा कातून मला विणलं. उत्तरेकडच्या एका कारखान्यातून मी ट्रकनं सोलापूरला आलो आणि तिथून रग विकणाऱ्या सायराबानूच्या टेम्पोतून मंद्रूपच्या आठवडी बाजारात.

श्रीदेवीनं मला उचललं, तेव्हा सायराबानूच चकित झाली.

"घोंगड्या विणणाऱ्याच्या घरात रग? तुझे अप्पा काय म्हणतील गं?"

"होस्टेलवर घोंगडी नेली तर मुली हसतील, खाला," श्रीदेवी हळूच म्हणाली. "तिला वास येतो."

घरी गेलो तर बाजेवर नवी काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली. लेक सोलापूरला कॉलेजात जाणार म्हणून रुद्रप्पांनी ती खास विणली होती. तिच्या काठाला लाल रेघ होती. त्यांनी मला पाहिलं. घोंगडी उचलून पेटीत ठेवली आणि मागावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

होस्टेलात मी श्रीदेवीला ऊब दिली, पण ती रमली नाही. इंग्रजीच्या निवेदिता मॅडमनी 'माझ्या वडिलांचा व्यवसाय' या विषयावर लिहून आणायला सांगितलं. श्रीदेवीनं मोबाइलवरून इकडचे तिकडचे परिच्छेद उतरवले आणि कागद दिला. परत आला, तेव्हा त्यावर लाल शाईत एकच शब्द होता, 'शॉडी'.

तिनं डिक्शनरी उघडली. दोन अर्थ होते. जुनी लोकर पिंजून केलेलं कापड, हा एक. हलकं, कसंतरी उरकलेलं काम, हा दुसरा. ती कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मला तोंड लपवावंसं वाटलं. माझं नाव माणसं कशासाठी वापरतात, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी ती मला पिशवीत कोंबून गावी आली. तिनं कागद अप्पांपुढं ठेवला, शब्दाचे दोन्ही अर्थ सांगितले आणि रडायला लागली.

"मी कॉलेज सोडते, अप्पा. मला न्हाई जमणार."

रुद्रप्पांनी माग थांबवला. हात पुसले. "आण तो रग हिकडं."

त्यांनी मला पहिल्यांदाच हातात घेतलं. कडेचा एक धागा ओढला, उलगडला, चिमटीत धरून उन्हात बघितला.

"लोकर वाईट न्हाय," ते म्हणाले. "फाडताना तंतू आखूड झालाय, एवढंच. आखूड तंतूला पीळ जादा लागतो. ज्यानं हे सूत कातलं, त्यानं मन लावून कातलंय की." मग कागदाकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ह्यात तू काय लिवलंस?"

"दुसऱ्यांचंच आहे सगळं."

"मग मॅडम खरंच बोलल्या. दुसऱ्याचं घ्यावं, पर पिंजावं लागतं, पोरी. माझं काम तुला कुटं ठाऊक हाय? कदी इचारलंस?"

श्रीदेवीनं डोळे पुसले. तिनं वही काढली आणि मागाच्या खड्ड्याशेजारी मांडी घालून बसली. मेंढ्या कधी कातरतात, चिंचोक्याची खळ का लावतात, बोटं कुठं कापतात, सगळं विचारत गेली. रुद्रप्पा आधी तुटक बोलत होते, मग त्यांना थांबवेना. दोघांना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नवा कागद वाचून मॅडमनी काय लिहिलं, हे मला सांगता येणार नाही, कारण श्रीदेवी परत गेली ती काळी घोंगडी घेऊन. जाताना तिनंच पेटी उघडली आणि आधी वासापायी घोंगडी नेली नव्हती, हेही सांगून टाकलं. रुद्रप्पा दारात उभे होते. "वास येतो बरं का तिला," एवढंच म्हणाले आणि हसले.

मी मंद्रूपलाच राहिलो. आता माझा पोत विरळ झालाय, एका कोपऱ्याला भोक पडलंय. रुद्रप्पांचे गुडघे धरतात, म्हणून विणायला बसताना ते मला पायांवर घेतात. काल त्यांनी सुई घेतली आणि माझ्या भोकाला आपल्या घोंगडीच्या काळ्या लोकरीनं रफू केलं. काम झाल्यावर त्यावरून अंगठा फिरवला.

तुम्ही कुणाला हलकं म्हणायच्या आधी एकदा हातात घेऊन बघा, एवढंच माझं मागणं. बाकी मी सुखात आहे.