जाळीवरची काठी

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी विज्ञान संग्रहालयाच्या ठिणगी-दालनात सफाईच्या मावशींना विजेचा झटका बसला आणि त्या स्टुलावरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. त्या वेळी वीजमास्तर बाहेर शाळेच्या मुलींबरोबर फोटो काढून घेत होते.

वीजमास्तर हे मुलांनीच ठेवलेलं नाव. एकोणीस वर्षं ते जाळीच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहून बटण दाबत आले होते. दोन गोळ्यांमध्ये हातभर लांब ठिणगी कडाडली, की ‘घरी एवढ्या जोरात कोण ओरडतं?’ असं विचारायचे आणि हशा वसूल करायचे. यंत्र बंद केलं तरी मोठ्या गोळ्यात वीज उरते. म्हणून खेळ संपला की अर्थिंगची लांब काठी जाळीतून आत घालून गोळ्याला टेकवायची, वीज जमिनीत जाऊ द्यायची आणि मग काठी पिंजऱ्याच्या दारावर लटकवायची. काठी दारावर दिसली की आत जायला हरकत नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ही पद्धत मास्तरांनीच पाडली होती, मावशींना त्यांनीच शिकवली होती.

त्या दिवशी त्यांनी काठी हातात घेतली, तेवढ्यात मुलींनी हाक मारली. काठी गोळ्याला न टेकवता तशीच दारावर अडकवून ते फोटोला गेले.

चौकशीत पहिलाच प्रश्न काठीचा निघाला. मास्तर म्हणाले, “टेकवली होती.” तोंडातून निघून गेलं आणि कारकुनाने लिहूनही घेतलं. मग संचालकबाईंनी अर्थ लावला की मावशी काठी टेकवण्याआधीच घाईने आत शिरल्या असणार. या मावशींना पुन्हा पाठवू नये, असं सफाईच्या कंत्राटदाराला कळवायचं ठरलं. घरी बायकोने जेवत का नाही म्हणून विचारलं, तेव्हा मास्तरांनी पोटाचं कारण सांगितलं.

गुरुवारी ते मावशींकडे गेले. हात गळ्यात बांधलेला, तरी त्यांनी डाव्या हाताने खुर्ची पुढे ओढली. इकडचं तिकडचं झालं. मग मावशींनी आवाज खाली आणला.

“मास्तर, एक विचारू? काठी होती ना हो दारावर? सगळे म्हणतात नव्हती. आता मलाच वाटायला लागलंय, माझे डोळे गेले की काय.”

“होती,” मास्तर म्हणाले.

“मग झालं. तेवढं सांगा की त्यांना. तुमच्या शब्दाला वजन आहे तिथे.”

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिने सरळ विचारलं, “काठी होती, तर झटका बसला कसा?”

उत्तर मावशींनीच दिलं. “गप गं. तुला काय कळतंय त्यातलं? मशीनच बिघडलं असेल. मास्तर एकोणीस वर्षं करतायत हे काम, ते चुकतील होय?”

मास्तरांनी चहा संपवला आणि ते निघाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कारकुनाकडे आपला जबाब परत मागितला. जबाब वर गेलाय, बदल करायचा तर नव्याने लिहून द्या, असं कारकून म्हणाला. कंत्राटदाराला लिहिलेलं पत्र सहीला ठेवलं होतं, बाराच्या टपालाने जाणार होतं. मास्तरांनी एक कोरा कागद घेतला.

अकराच्या खेळाची घंटा झाली तेव्हा तो घडी घालून त्यांच्या खिशात होता. त्यावर ‘काठी दारावर होती’ एवढंच लिहिलेलं होतं; ती गोळ्याला टेकवली नव्हती, हे नव्हतं.