टेबलावरची नदी

मी एक जुनी नदी आहे, मित्रांनो. दचकू नका. माझी लांबी टेबलाएवढी आणि खोली बोटाच्या पेराएवढी. माझ्यात कधी कोणी बुडाले नाही आणि मासाही कधी फिरकला नाही. शाळांत आणि वस्त्यांत जाऊन नद्या, नाले, विहिरी कशा जपाव्यात हे सांगणाऱ्या एका संस्थेचे मी मॉडेल.

मला एका सुताराने घडवले. त्याने फळ्यांची उथळ पेटी केली, एका टोकाला उंचवटा दिला, वर जाळी ठोकली आणि प्लास्टर थापले. पण माझ्यात जीव ओतला तो ताईंनी. त्या संस्थेत गावोगाव फिरण्याचे काम करत आणि लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. त्यांनी माझे डोंगर हिरवे रंगवले, पायपुसणे कापून शेते केली, लाकडाच्या तुकड्यांची घरे चिकटवली. नाल्याच्या काठी एक गॅरेज मांडले आणि त्याच्या खालच्या अंगाला बाटलीच्या झाकणाची विहीर पुरली. झाकणाला त्यांनी सुईने भोके पाडली आणि भोवती वाळू भरली. मग झारीने पाणी शिंपडले. ते डोंगरावरून नाल्यात आले, नाल्यातून वाळूत मुरले आणि थेंबाथेंबाने विहीर भरू लागली. सुतार कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. आपण केलेल्या पेटीत पाणी इतके शहाण्यासारखे वागेल असे त्याला वाटले नव्हते.

मग माझी नोकरी सुरू झाली. एका दिवसात दोन-दोन शाळा होत. ताई मला मधोमध मांडत आणि मुलांच्या हातात रंगांच्या बाटल्या देत. कोणी शेतावर लाल रंग टाकी, कोणी घरांपाशी पिवळा, कोणी गॅरेजपाशी काळा. हे खाण्यातले रंग होते, पण मुलांना ती खरीच घाण वाटे. झारीचा पाऊस पडला की सगळे रंग मिसळून विहिरीत उतरत आणि मुले एकदम गप्प होत.

पहिल्या पहिल्यांदा ताई इथेच थांबत. एकदा त्यांचे वरिष्ठ, ज्यांना सगळे सर म्हणत, कार्यक्रमाला येऊन बसले. मुलांचे पडलेले चेहरे पाहून त्यांनी नंतर ताईंना समजावले की मुलांना घाबरवून घरी पाठवू नये, शेवट गोड असावा. ताईंना ते पटले. शिवाय पुढच्या शाळेसाठी मला धुवावे तर लागतच होते. मग त्यांनी धुण्याचाच खेळ केला. ‘आता येणार मोठा पाऊस’ म्हणत त्या माझ्यावर भरलेली बादली रिकामी करत. सगळे रंग वाहून जात आणि मी पुन्हा लख्ख होई. मुले टाळ्यांचा कडकडाट करत. खोटे कशाला बोलू, त्या टाळ्यांनी माझ्या अंगावर मूठभर मांस चढत असे. सगळ्या कार्यक्रमात लोकांना आवडायचा तो हाच भाग.

अशीच एकदा मी नाल्याकाठच्या एका वस्तीतल्या शाळेत गेले. तिथे एक मुलगी होती. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझ्यासमोर मात्र ती हनुवटी टेकून बसली. ताई बोलत असताना तिचे ओठ हलत होते, जणू प्रत्येक शब्द ती पाठ करत होती. तिच्या वडिलांचे वस्तीच्या तोंडाशीच गॅरेज होते. त्यांना लोक उस्ताद म्हणत.

काही महिन्यांनी त्याच वस्तीतून ताईंना बोलावणे आले. विहिरीच्या पाण्यावर तेलाची रंगीत साय धरली होती. पाणी तपासून गेलेल्यांनी ‘हे पाणी पिऊ नये’ अशी पाटी लावली होती आणि बायका लांबून पाणी वाहत होत्या. ताईंनी मला विहिरीजवळच मांडले. मोठी माणसे उभी राहिली, मुले पुढे बसली. आता आपण काय करायला हवे, असे ताईंनी विचारले. सगळ्यांत आधी भिंगरीचा हात वर गेला.

“काहीच नाही, ताई. मोठा पाऊस आला की सगळं धुऊन जातं. तुम्हीच तर दाखवलं होतं.”

ताईंचा हात झारीवरच थांबला. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. गाड्यांतून निघालेले जळके ऑइल साठवायला उस्तादांनी एक पिंपही आणून ठेवले होते. ऑइल घेऊन जाणारा माणूसही त्यांनी बघून ठेवला होता. पण भिंगरीने घरी येऊन मोठ्या पावसाची गोष्ट सांगितली. शाळेत माणसे येऊन शिकवून गेली म्हणजे ते खरेच असणार, असे त्यांना वाटले. पिंपाने गॅरेजात जागा अडत होतीच. ते त्यांनी बाहेर काढले आणि ऑइल नाल्यात सोडू लागले, तेही चोरून नाही, सगळ्यांसमोर. उस्ताद लबाड नव्हते. लेकीच्या शिक्षणावर त्यांचा विश्वास होता, एवढेच.

रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या एक काकू म्हणाल्या, “म्हणजे या पोरीनं विहीर घालवली.”

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना ऐकू गेले. भिंगरीने लोकांकडे पाहिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. तशा नजरेने मला त्याआधी कोणी पाहिले नव्हते आणि पुन्हा कोणी पाहू नये. माझ्या तोंडात कोणी मारल्यासारखे झाले.

शिकवणारी माणसे पालथ्या घड्यावर पाणी ओतल्याची तक्रार नेहमी करतात. भिंगरीचा घडा तर सुलटा होता. आम्ही ओतले ते तिने थेंबही न सांडता जपून ठेवले होते.

ताईंनी रंगांच्या बाटल्या पिशवीत परत ठेवल्या आणि उस्तादांकडे वाटीभर जळके ऑइल मागितले. उस्तादांनी वाटी आणली, पण हातातून सोडली नाही.

“ताई, मॉडेल वाया जाईल.”

“जाऊ दे,” ताई म्हणाल्या.

ऑइल अंगावर पडले तेव्हा ते अजून कोमट होते. खाण्यातले रंग माझ्यावरून वाहत असत. हे वाहिले नाही, बसले. मग ताईंनी मुलांना पाऊस पाडायला सांगितले. मुलांनी बादल्यांमागून बादल्या ओतल्या. जितके पाणी पडे तितका काळा रंग पसरे. तो शेतांत गेला, घरांखाली शिरला, वाळूत उतरला आणि झाकणाची विहीर काठोकाठ काळी झाली. त्या दिवशी कोणी टाळी वाजवली नाही.

तेव्हा उस्ताद पुढे आले. ते हात धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन आले होते. गुडघे टेकून ते मला घासू लागले. त्यांनी इतके घासले की माझ्या डोंगरांचा हिरवा रंग त्यांच्या बोटांना लागला. डाग होता तिथेच राहिला. शेवटी त्यांनी ब्रश खाली ठेवला.

“नाही जात,” ते म्हणाले.

ताई भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या, “तू बरोबर शिकलीस. मी चुकीचं दाखवलं. विहीर तुझ्यामुळे गेलेली नाही, बाळा.”

जाताना हंडेवाल्या काकूंनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा कुठे ती पोर रडली.

मला तशीच ऑफिसात आणले. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. असले काळेकुट्ट मॉडेल घेऊन गेलो तर आपल्याला पुन्हा कोण बोलावणार, असे ते म्हणाले. ताईंचा आवाज चढला नाही.

“सर, लख्ख नेलं होतं, तेव्हाच तर विहीर गेली.”

त्यानंतर ताईंनी कोणत्याच कार्यक्रमाचा शेवट बादलीने केला नाही. पण काही दिवसांनी फायबरचे हलके, नवे मॉडेल आले आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांमागे झाली. माझ्यावर जुने फलक रचले गेले. दाराशी पावले वाजली की आशा वाटे. पावले पुढे निघून जात. एके दिवशी ती थांबली. उस्ताद टेम्पो घेऊन आले होते. मला वस्तीतल्या शाळेसाठी मागायला त्यांनी ताईंच्या मिनतवाऱ्या केल्या, खरे तर मिनतवाऱ्यांची काही गरज नव्हती.

तेव्हापासून मी या शाळेच्या व्हरांड्यात आहे. उस्तादांचे पिंप भरले की ऑइल नेणारा माणूस येऊन ते घेऊन जातो. विहीर उपसली, गाळ काढला, पुन्हा उपसली. पाणी तपासायला माणसे येतात आणि नाही म्हणून मान हलवून जातात. पाटी अजून तशीच आहे. भिंगरी आता मोठी झाली आहे आणि नवी मुले आली की तीच त्यांना माझ्याभोवती बसवते. गोष्टीतली मुलगी कोण होती हे ती त्यांच्यापासून लपवत नाही.

परवा एक छोटी मुलगी ओले फडके घेऊन आली. माझी अवस्था पाहून तिला माझी दया आली असावी. तिने मला घासायला सुरुवात केली. मित्रांनो, तुमची माया मला कळते. माझ्यावरची धूळ जरूर झटका, निखळलेली घरे चिकटवा, फळ्यांना वाळवी लागली तर कोणाला तरी सांगा. पण तो डाग घासू नका. पलीकडच्या विहिरीचे पाणी ज्या दिवशी त्या काकू पुन्हा हंड्यात भरतील, त्या दिवशी खुशाल मला रंगवा. तोवर मला काळीच राहू द्या.