घाटकोपरच्या बोअरचं पाणी

"हॅलो, हॅलो. मागे ऐकू येतंय ना?"

मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उकिडवी बसलेल्या रत्नप्रभाला सगळं ऐकू येत होतं. तिच्या हातात काचेची नळी होती आणि नळीत नव्या बोअरचं पाणी. औषधाचे थेंब टाकले तेव्हा पाणी पाण्यासारखंच होतं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरभाई माइकवर तिसऱ्यांदा हॅलो म्हणेपर्यंत ते पिवळं झालं.

तिने नळी विसळली. पुन्हा पाणी, पुन्हा थेंब.

पुन्हा पिवळं.

जमिनीच्या पोटातलं पाणी या थेंबांनी पिवळं पडत नाही. क्लोरीन घातलेलं पडतं. आणि जमिनीला क्लोरीन कोण घालणार? म्हणजे हा झरा नव्हेच. जवळच कुठेतरी महापालिकेची पाइप फुटली होती आणि तिचं पाणी झिरपत झिरपत त्यांच्या बोअरमध्ये येऊन बसलं होतं.

आठवडाभर अख्खी शिवगौरी सोसायटी चाचणीसाठी उपसलेलं ते पाणी ओंजळीने चाखत होती. "काय गोड पाणी हो! अगदी नळासारखं!" हे ऐकून ऑफिसातले तिघेही, साहेब, काशीराम आणि ती, फुलून जात होते. भूजल सल्लागार म्हणवणाऱ्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की नळासारखं का? आता रत्नप्रभाची कानशिलं तापली.

आणि मंजुळा आठवली. सोसायटीत भांडी घासणारी, मागच्या डोंगरावर राहणारी. सकाळीच म्हणाली होती, "ताई, एक बोअर आमच्या डोंगरावर पण पाडा की. नळाला करंगळीएवढी धार येते, ती पण रुसल्यासारखी."

ती धार आता रत्नप्रभाच्या हातातल्या नळीत होती.

ती मांडवाच्या कडेने स्टेजमागे गेली. साहेब स्टेजवरच्या खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, कपाळाला गंध. ती वाकून कानात बोलली. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"उद्घाटन होऊ दे. नंतर बघू."

"सर, एकदा पंप चालू झाला, बिल्डिंगला पाणी चढलं, की कोण बंद करू देणार?"

"नंतर, रत्नप्रभा."

त्यांची नजर पहिल्या रांगेकडे होती. तिथे काशीराम बसला होता, घडी मोडलेल्या नव्या शर्टात. शेजारी त्याची रुक्मिणी, अबोलीचा गजरा माळून. नवऱ्याला हार घालतात ते बघायला ती मालाडहून आली होती.

*

माइकवरून:
"आता तज्ज्ञ मंडळींची ओळख. श्री. चंद्रप्रकाश नेरूरकर, एम.एस्सी., भूगर्भशास्त्र. समुद्रातील तेलविहिरींवरील कामाचा अनुभव!"

माइकशिवाय:
साहेब म्हणजे वेंगुर्ल्याचा माणूस, पण बोट लागायची. तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर दोन वर्षं दगडांचे नमुने तपासले आणि दोन वर्षं ओकाऱ्या काढल्या. नोकरी सोडली तेव्हा भावकीत हसू झालं. मग विलेपार्ल्यात एका गॅरेजच्या अर्ध्या भागात पाटी लावली. "तेल काय, पाणी काय, लपून बसलेलं शोधायचं," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे गेले की म्हणायचे, "जमीन हलत नाही, हे काय कमी आहे?"

माइकवरून:
"कुमारी रत्नप्रभा सामंत, बी.एस्सी., रसायनशास्त्र. दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेतील अनुभव!"

माइकशिवाय:
दुधात पाणी घातलंय का, ते बघायचं. दिवसभर तेच. सवय अशी लागली की मुलुंडला मुलगा बघायला गेलेल्या घरी चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "दूध पातळ येतं का हो तुमच्याकडे?" स्थळ तिथेच मोडलं. आई अजून म्हणते, "एक घोट गप्प गिळला असतास, तर आज दोन पोरांची आई असतीस." साहेबांनी मात्र हा किस्सा ऐकला आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न विचारलाच नाही. "सोमवारपासून या," म्हणाले.

तिला गुलाबाचं फूल दिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमचा दूधवाला भैया पण तपासून द्या!" हशा झाला. माइक हाताच्या अंतरावर होता. तिने तोंड उघडलं, आणि समोर रुक्मिणी दिसली. ती स्वतःचा सत्कार असल्यासारखी टाळ्या वाजवत होती.

रत्नप्रभाने घोट गप्प गिळला आणि खाली बसली.

माइकवरून:
"आणि ज्यांच्या हाताने हे पाणी वर आलं, ते श्री. काशीराम धुरी! कापडगिरणीत फिटर, बावीस वर्षांचा अनुभव!"

माइकशिवाय:
संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. मालाडला भाच्याच्या पिठाच्या चक्कीवर बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गिरणीतच आसय मी. कापड जावन पीठ इला, इतक्याच." साहेब तिथे गहू दळायला गेले होते. मशीनचा आवाज जरासा फिरला. इतर कुणाला कळलाही नाही. काशीरामने उठून खटका बंद केला. पट्टा बघितला तर तुटायच्या बेतात. साहेब पीठ तिथेच विसरले आणि याला घेऊन आले. गिरणीत इतकी वर्षं झाली, पण त्याचं नाव माइकवर कधी कुणी घेतलं नव्हतं. संपाच्या सभेत घोषणा देणाऱ्या हजारोंत तो एक होता.

*

काशीराम उठला. पंपाच्या पेटीला फुलं बांधली होती. नंदकिशोरभाई दोन्ही हातांत हार धरून पुढे आले. काशीरामने मान वाकवली.

"थांबा."

रत्नप्रभाला स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकू आला, तेव्हा कळलं की आपण माइकपाशी आलोय.

"हे पाणी बोअरचं नाही. फुटलेल्या पाइपचं आहे. आमची चूक झाली. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं."

मांडवात कुजबुज उठली. तिने स्टेजवरच्या तांब्यातलं नळाचं पाणी एका नळीत घेतलं, पिशवीतल्या बाटलीतलं बोअरचं दुसरीत. दोन्हींत थेंब टाकले आणि वर धरल्या. पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं चष्मे सावरून पुढे झाली. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या.

"अहो बाई," नंदकिशोरभाई माइकवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "पाणी पाणी आहे ना? स्वच्छ आहे, गोड आहे. कुणाचं का असेना. आज पेढे वाटलेत मी! कशाला वाट लावताय सगळ्याची?"

"डोंगरावरच्या लोकांचं आहे, भाई. त्यांच्या नळाला येत नाही ते हेच."

"मग ते त्यांनी बघावं! काशीरामभाई, तुम्ही दाबा बटण."

काशीराम पेटीपाशी उभा होता, मान अजून थोडी वाकलेली. तो रत्नप्रभाकडे बघून हळू म्हणाला, "बाय, पाणी सकाळी वर येय आणि दुपारी उतरा. म्युनिसिपालटीचा टाइम तोच. माका वाटला, झरो लाजरो आसा."

"मला तरी कुठे कळलं, काका."

त्याने रुक्मिणीकडे पाहिलं. तिने टाळ्या थांबवल्या होत्या, पण हात तसेच जोडलेले राहिले होते. काय झालं ते तिला पुरतं कळलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा मात्र कळत होता. तिने मान अगदी थोडी हलवली.

काशीरामने पेटी उघडली. आतला फ्यूज ओढून काढला आणि नव्या शर्टाच्या खिशात टाकला.

"अरे! हे काय?"

"नंदकिशोरभाय, मशीन चालू कोण पण करता," काशीराम म्हणाला. या वेळी तो माइकपासून लांब होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "बंद करूक फिटर लागता."

हार नंदकिशोरभाईंच्या हातात लोंबत राहिला. मग साहेब खुर्चीतून उठले. चालताना एकदा खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला, जसा बोटीवर घ्यावा लागे.

"मला दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं," ते म्हणाले. "मी नंतर बघू म्हणालो. माझ्या माणसांनी ऐकलं नाही. तुम्ही आत्ता ज्यांचा अनुभव वाचून दाखवलात, तीच ही माणसं." त्यांना पुढे काहीतरी बोलायचं होतं, ते जमलं नाही. "रिपोर्ट माझ्या सहीने येईल. पाणी लागलं नाही, असं लिहीन. वॉर्ड ऑफिसला आत्ताच निघतो. पेढे छान होते."

कुणीतरी हसलं. मग तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, का कोण जाणे, एकट्यानेच टाळी वाजवली आणि ओशाळून थांबला.

*

महिन्याभराने पाइप दुरुस्त झाली. गल्लीतला खड्डा बुजला. डोंगरावर नळ नीट वाहू लागले आणि बोअरमधली पातळी उतरत उतरत गेली.

पंप काढायला तिघेही आले. रोजंदारीची माणसं लावता आली असती, पण साहेब म्हणाले, "आपणच उतरवला, आपणच काढू." कप्पी लावून पाइपचा एकेक तुकडा वर येत होता. साहेब साखळी ओढत होते, रत्नप्रभा पाना धरत होती, काशीराम प्रत्येक तुकडा फडक्याने पुसून भिंतीला उभा करत होता, परत लागणार असल्यासारखा. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. बोलावलं नसताना रुक्मिणीही आली होती, डबा घेऊन. पायरीवर बसून ती बघत राहिली.

शेवटी पंप वर आला. काशीरामने वजन बांधलेली दोरी बोअरमध्ये सोडली. दोरी जात राहिली, जात राहिली, मग सैल पडली. त्याने ती हळूहळू वर ओढली, वेटोळं घालत, घाई न करता. टोक हातात आल्यावर बोटांनी चाचपलं.

मग पायरीपाशी गेला आणि ते टोक रुक्मिणीपुढे धरलं.

तिने पदराला हात पुसले आणि दोरी चिमटीत धरली.

"कोरडी ठाक," ती म्हणाली.

"होय," काशीराम म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसला.