डावं पेडल

कॉम्प्युटरला जोडायचं पेडल विकत घेताना कॅप्टनने दुकानदाराला जेरीस आणलं होतं. प्लॅस्टिकच्या पेडलांना त्याने बोटही लावलं नाही. एका जोडात पाय फार जवळ यायचे, दुसरा लादीवर घसरायचा. शेवटी लोखंडी, जडशीळ जोड निवडला आणि घरी येताच त्यातही खोट काढली. पाय सैल सोडला की आतली स्प्रिंग पेडल परत मधोमध आणून ठेवायची. विमानाला ते ठीक. हेलिकॉप्टरचं पेडल पायाने जिथे ठेवलं तिथेच राहायला हवं, नाहीतर एका जागी तरंगताना शेपूट भरकटते.

पाठीच्या ऑपरेशननंतर कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. सोमवारी परीक्षक शेजारी बसून त्याचं उड्डाण बघणार होता. पास झाला तर पुन्हा हेलिकॉप्टर, नाहीतर कायमचं ऑफिसातलं टेबल. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर हा सराव, आणि म्हणूनच मेहुण्याला बोलावणं. मेहुण्याचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. दाजींना नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. कान उपटायला ताई घरातच होती.

मेहुण्याने स्प्रिंग काढली. कॅप्टन म्हणाला, आता फारच सैल झालं. मेहुण्याने हालचाल संथ करणारा भंगारातला छोटा डँपर बसवला, तेव्हा पेडल लोण्यातून सरकल्यासारखं सरकू लागलं. तरी हेलिकॉप्टर उचलताना डावं पेडल दाबूनही नाक उजवीकडे वळायचं ते वळायचंच.

"डावं पेडल जड लागतंय," कॅप्टन म्हणाला.

"दाजी, दोन्ही एकाच दांड्यावर आहेत. एक जड, एक हलकं कसं लागेल?"

"उडवतं कोण, तू का मी?"

बेअरिंग बदललं. टाचेखाली लाकडी पट्टी ठोकली. नाक आपलं उजवीकडे. मेहुणा पार टेकीला आला.

"आता राहिला सेन्सर. पाय काढा दाजी, मी खालून हाताने दाबतो. तुम्ही फक्त सांगा."

तो टेबलाखाली शिरला. तिथून त्याला स्क्रीन दिसत नव्हती.

"डावं," कॅप्टन म्हणाला. "अजून. बास. किंचित उजवं."

हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलं आणि तरंगत राहिलं. सांगणारा एक, दाबणारा दुसरा, मध्ये उशीर होतोय, आणि तरीही नाक जागचं हलत नव्हतं.

"जमलं का?" खालून आवाज आला.

"जमलं."

मेहुणा धुळीने माखून बाहेर आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग दाजींच्या पायाकडे, आणि घाईघाईने पाने-पक्कड गोळा करू लागला.

"सेन्सरच असणार. मधूनच अडकत असेल. उद्या नवा आणतो." खोटं बोलणं काही त्याला जमत नव्हतं.

"राहू दे," कॅप्टन म्हणाला. "ताईला पाठव जरा."

बायको हात पुसत आली. त्याने डाव्या पायाचा मोजा काढला, पाय स्टुलावर ठेवला आणि डोळे मिटले.

"एकेक बोट दाब. कुठलं ते मी सांगतो."

"हे काय आता नवीन?"

"दाब तर."

ती खाली बसली. अंगठा त्याने लगेच ओळखला. दुसरं बोटही. नंतरची दोन जरा विचार करून, अंदाजाने सांगितली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. त्याला वाटलं, हिचं लक्ष नाही.

"करंगळी राहिली," तो म्हणाला. "दाब ना."

"दाबून धरलीय, अहो. केव्हाची."

त्याने डोळे उघडले. दाबून दाबून तिची नखं पांढरी पडली होती.

"फोन दे इकडे," तो म्हणाला. "सोमवारी येत नाही म्हणून सांगतो."