एकच गणित तीनदा

शहाद्यातल्या शोकसभेत रतिलाल गुरुजींच्या शिस्तीचे गोडवे गायले जात होते. त्यांची मुलगी कामिनी मात्र बोलायला तयार नव्हती. पाचवीत उशीर झाला म्हणून दादांनी, म्हणजे वडिलांनी, तिला तासभर वर्गाबाहेर, वर्गाकडे पाठ करून उभं केलं होतं. तो सल अजून गेला नव्हता.

"काबरं बोलत नही वं?" शेजारी बसलेल्या नूतनने, तिच्या वर्गमैत्रिणीने, विचारलं.

"त्यासले सोतानी पोर कधी दिखनी का?"

"येडी शे का? त्या दिन गुरुजी तासभर खिडकीमाच उभा व्हतात. तुन्हाकडे दखी दखी एकच गणित आम्हले तीनदा शिकाडं, तेबी चुकीचं!"

कामिनीला हसू फुटलं. डोळे टिपत ती माईकपाशी गेली.

"आमचे दादा गणितात कधी चुकले नाहीत," ती म्हणाली, "एक दिवस सोडला तर."